उसाच्या शेंड्यामागे विझलेला अग्निगोल: करवीर तालुक्यातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूर शहराच्या पश्चिमेला, करवीर तालुक्यातील एका गावात घडले. गावाचे व संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. प्रस्तुत लेखक कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि सात-आठ हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका गटाचे काम पाहतो. या गटाचा नेहमीचा कार्यक्रम म्हणजे पावसाळा सरला की पन्हाळ्याच्या बाजूला एखाद्या अंधाऱ्या माळावर जाऊन तारकासमूह ओळखणे आणि विद्यार्थ्यांना दुर्बिणीतून ग्रह दाखवणे. अचानक दिसलेल्या उल्केच्या साक्षी गोळा करण्याचा अनुभव आमच्यापैकी कोणालाही नव्हता, आणि पुढे झालेल्या चुका समजून घेताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

नोव्हेंबरची अखेर होती. तुळशीची लग्ने उरकून लग्नसराई सुरू झाली होती, ऊसतोड जोरात होती आणि गुऱ्हाळे रात्री उशिरापर्यंत चालत होती. शेतीपंपांना त्या आठवड्यात रात्रीची वीज असल्याने अनेक शेतकरी पाणी पाजण्यासाठी शिवारातच थांबले होते. म्हणजे शहरातले लोक घरात असताना गावातली दहा-वीस माणसे उघड्या आकाशाखाली जागी होती. चांगल्या साक्षी मिळाल्या त्या या योगामुळेच.

काय दिसले

रात्री नऊला सुमारे दहा मिनिटे असताना आकाशाच्या पश्चिम भागात, महाश्व (पेगासस) तारकासमूहाच्या चौकोनाच्या बरेच खाली, एक पांढरा ठिपका उमटला आणि नैर्ऋत्येकडे उतरत गेला. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तो हिरवट झाला आणि शेवटी एवढा उजळला की गुऱ्हाळाच्या अंगणातील गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, सावल्या जमिनीवर सरकल्या. मग एक लखलखाट झाला, दोन-तीन तांबूस तुकडे पुढे निघाल्यासारखे दिसले आणि सर्व काही उसाच्या शेंड्यांमागे विझले. मागे फिकट धुराची रेघ काही काळ टिकून होती.

प्रत म्हणजे आकाशातील वस्तूच्या तेजाचे माप, आणि तिचा आकडा जितका लहान तितके तेज अधिक. शुक्रापेक्षा, म्हणजे उणे ४ प्रतीपेक्षा, अधिक तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. पौर्णिमेच्या चंद्राची प्रत सुमारे उणे १२.७ असते. ठळक, सरकत्या सावल्या पडल्या असे अनेकांनी स्वतंत्रपणे सांगितले, त्यामुळे हा अग्निगोल शुक्राच्या पुष्कळ पुढचा होता याबद्दल शंका राहिली नाही. नेमकी प्रत ठरवण्याचा मोह मात्र आम्ही टाळला, कारण दचकलेल्या माणसाच्या डोळ्याला तेजाचे प्रमाण नीट सांगता येत नाही.

अडचण

साडेनऊपर्यंत गावातील मोबाईल गटांवर तीन वेगवेगळी वृत्ते फिरू लागली. एकात उजळाईवाडीच्या विमानतळाकडे निघालेले विमान पडल्याचे म्हटले होते, दुसऱ्यात क्षेपणास्त्राचा उल्लेख होता आणि तिसऱ्यात अमुक एकाच्या उसात ‘जळता गोळा’ पडल्याचे ठामपणे लिहिले होते. तिसरे वृत्त सर्वांत त्रासदायक ठरले, कारण ते खरे वाटण्यासारखे होते. गुऱ्हाळावर, वस्तीवर आणि पाणंदीत उभ्या असलेल्या प्रत्येकाने तो प्रकाश उसाच्या शेंड्याला टेकून विझताना स्वतः पाहिला होता. दहा-बारा तरुण बॅटऱ्या घेऊन उभ्या उसात शिरण्याच्या तयारीत होते. रात्री उभ्या उसात शिरणे म्हणजे साप आणि रानडुकरे यांच्याशी गाठ, शिवाय तोडीला आलेले पीक तुडवले जाण्याची भीती. गावातील एका शिक्षकांनी त्या वेळी लेखकाला फोन करून विचारले, “सर, पोरांना थांबवू का जाऊ देऊ?”

येथे एक भौमितिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळा गोंधळ तिच्यातून निर्माण झाला. माणसापासून दहा मीटरवर साडेतीन मीटर उंचीचा ऊस उभा असेल, तर डोळ्याच्या पातळीवरून त्याचा शेंडा क्षितिजापासून अकरा-बारा अंश वर दिसतो. जमिनीपासून ३० किलोमीटर उंचीवर विझणारा अग्निगोल जर १२ अंशांवर दिसत असेल, तर तो सुमारे १३५ किलोमीटर दूर असतो, आणि ५ अंशांवर दिसत असेल तर पृथ्वीची वक्रता धरून पावणेतीनशे किलोमीटर दूर असतो. डोळ्याला हे अंतर कळण्याचा काही मार्ग नाही. अंधारात तेजस्वी वस्तू नेहमी जवळ भासते, आणि जिथे ती दिसेनाशी होते तिथेच ती पडली असे मन ठरवून टाकते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ‘ही साधी उल्का आहे, घाबरू नका’ असा एक संदेश पाठवून मोकळे होण्याचा होता. त्याने भीती कदाचित कमी झाली असती, पण ती उल्काच होती हे त्या क्षणी आम्हालाही ठाऊक नव्हते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रात अनेक ठिकाणांहून दिसलेला जळता पट्टा चिनी रॉकेटच्या टप्प्याचा निघाला होता आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी कडी खरोखरच गावात येऊन पडली होती. हे उदाहरण ताजे असताना न तपासता दिलासा देणे योग्य नव्हते.

दुसरा पर्याय त्याच रात्री तरुणांबरोबर शोधाला जाण्याचा होता. उत्साह आमच्यातही होता आणि एका सहकाऱ्याने गाडी बाहेर काढलीसुद्धा होती. मात्र पडलेला दगड असलाच तर तो सकाळीही तिथेच असणार, आणि माणसांची आठवण मात्र सकाळपर्यंत बदललेली असणार, हा विचार त्या रात्रीच्या निर्णयात निर्णायक ठरला.

म्हणून तिसरा पर्याय स्वीकारला: शोध थांबवायचा, भीती कमी होईल एवढेच बोलायचे आणि साक्षी गोळा करायच्या. शिक्षकांना सांगितले की कोणीही उसात जाऊ नये, स्फोटाचा किंवा आगीचा काही मागमूस नाही, आणि ज्यांनी पाहिले त्यांनी आपण कुठे उभे होतो आणि शेवट कशाच्या वर किंवा मागे दिसला, एवढे आत्ताच कागदावर लिहून ठेवावे. सात जणांनी तसे लिहिले. पैकी एकाने वहीच्या पानावर गुऱ्हाळाची चिमणी, नारळाचे झाड आणि त्यांच्यामधून जाणारी तिरकी रेघ काढली होती. पुढे हे चित्र लांबलचक वर्णनांपेक्षा जास्त उपयोगी पडले.

या सूचनेत एक उणीव राहिली. ‘एकमेकांशी न बोलता लिहा’ असे आम्ही सांगितले नाही. सातपैकी चार कागदांवर ‘निळा रंग’ आणि ‘अर्धा मिनिट’ हे शब्द जवळजवळ सारखेच आले, आणि ते चौघे कट्ट्यावर एकत्र बसले होते हे नंतर समजले.

गुऱ्हाळावरील मोजणी

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघे गुऱ्हाळावर गेलो. काहिलीत, म्हणजे मोठ्या लोखंडी कढईत, उसाच्या रसाचे आदण उकळत होते आणि गुळव्या हातातल्या झाऱ्याने मळी काढत होता. त्याला काम सोडून यायला सांगण्याऐवजी आम्ही आदण उतरेपर्यंत थांबलो. मग तो रात्री जिथे उभा होता तिथेच उभा राहिला, आणि त्याने झाऱ्याचा दांडा वर करून सुरुवातीची जागा दाखवली, चिमणीच्या टोकापासून खाली आणत नारळाच्या डाव्या बाजूला शेवट दाखवला. तीन वेळा दाखवायला सांगितले तेव्हा शेवटची जागा तीनही वेळा जवळजवळ तीच आली. सुरुवातीच्या जागेत मात्र दोन मुठींचा फरक पडला. हात लांब केला असता मूठ आकाशात सुमारे दहा अंश व्यापते, म्हणजे फरक वीस अंशांचा होता. यात गुळव्याचा दोष नाही. उल्का उजळल्यावरच माणूस मान वर करतो, त्यामुळे सुरुवात बहुतेकांच्या नजरेतून निसटलेली असते.

उंचीचा कोन मोजण्यासाठी शाळेतील मोठ्या कोनमापकाला ओळंबा बांधला होता. हे साधन कितपत भरवशाचे आहे हे पाहण्यासाठी आदल्या रात्री त्याने ध्रुवताऱ्याची उंची मोजली होती. कोल्हापूरचा अक्षांश सुमारे १६.७ अंश असल्याने ध्रुवही साधारण तेवढ्याच उंचीवर दिसतो, आणि आमच्या कोनमापकाने १७ दाखवले. दिशेच्या बाबतीत मात्र पहिली मोजणी फसली. होकायंत्र काहिलीजवळ धरले होते, आणि एवढ्या लोखंडाशेजारी सुई कित्येक अंशांनी ढळली. वीस पावले दूर जाऊन, गुळव्याची जागा व नारळ एका रेषेत धरून मोजले तेव्हा शेवटची दिशा उत्तरेपासून २३२ अंश, म्हणजे नैर्ऋत्येच्या किंचित पश्चिमेला आली. उंची १२ अंश आली.

कालावधीसाठी गावातील दूध संस्थेच्या कॅमेऱ्याचा आधार मिळाला. त्यात आकाश दिसत नव्हते, पण खांबाची सावली अंगणातून फिरताना दिसत होती, आणि ती सुमारे साडेसहा सेकंद टिकली. रशियातील चेल्याबिन्स्क येथे १५ फेब्रुवारी २०१३ रोजी कोसळलेल्या अशनीचा, म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेल्या उल्केच्या दगडाचा, मार्गही चौकातील खांबांच्या सावल्यांवरून मांडला गेला होता, हे एका सहकाऱ्याला आठवले म्हणूनच आम्ही हे चित्रण जपून ठेवले. कॅमेऱ्याचे घड्याळ चार मिनिटे पुढे होते. पडद्याशेजारी मोबाईल धरून दोन्ही वेळा एकाच छायाचित्रात घेतल्याने ती चूक दुरुस्त करता आली.

दगडाचे प्रकरण

याच दुपारी या प्रकरणातील सर्वांत वाईट निर्णय झाला. गावातील एका वयस्कर शेतकऱ्याने, त्यांना सगळे तात्या म्हणतात, पहाटे पाणंदीत सापडलेला तीनेक किलो वजनाचा काळा दगड ग्रामपंचायतीत आणून ठेवला होता. दगड उचलला तेव्हा कोमट होता असे ते म्हणत होते, आणि लोहचुंबक त्याला चिकटत होते. बाहेरगावचा एक माणूस सकाळीच येऊन मोठ्या रकमेचे आमिष दाखवून गेला होता. भोवती चाळीस-पन्नास माणसे जमली होती.

दगड हातात घेताच तो अशनी नसावा हे स्पष्ट झाले. त्याच्या तुटलेल्या कडेला लहान-मोठी छिद्रे होती आणि पृष्ठभाग काचेसारखा चमकत होता. अशनीत असे बुडबुडे सहसा नसतात, आणि त्याच्यावर वितळून बनलेली पातळ, काळसर, मंद साल असते. चुंबकाची कसोटी आपल्या भागात एकटी पुरत नाही, कारण सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढले जाणारे खनिज असते. हा तुकडा तर फौंड्रीतील स्लॅगचा, म्हणजे धातू वितळवताना निघणाऱ्या टाकाऊ मळीचा, होता. कोल्हापूर ओतकामाचे मोठे केंद्र आहे आणि असे तुकडे भरावातून पाणंदीपर्यंत येऊन पडतात. कोमटपणाचाही आकाशाशी संबंध नव्हता, तो शेजारच्या धगधगत्या पाचटामुळे आला होता. खरा अशनी जमिनीवर येताना बहुधा तापलेला नसतो, कारण जळण्याचा काळ काही सेकंदांचा, तापलेला थर तिथल्या तिथे झडून जातो आणि पुढचा प्रवास थंड हवेतून होतो.

हे सर्व लेखकाने तेथेच, जमलेल्या लोकांसमोर, सविस्तर समजावून सांगितले. माहिती बरोबर होती, पण ती सांगण्याची जागा चुकली. कोणीतरी हसले, मग बरेच जण हसले, आणि तात्या दगड उचलून काही न बोलता निघून गेले. आम्ही त्यांना थांबवले नाही, आणि रात्री ते कुठे होते हेही विचारले नाही.

नऊ दिवसांनी त्या शिक्षकांकडून कळले की त्या रात्री तात्या पंपाच्या खोलीबाहेर खाटेवर पश्चिमेकडे तोंड करून उताणे पडले होते. म्हणजे ज्या सुरुवातीसाठी आमची धडपड चालू होती, ती पाहिलेला गावातील बहुधा एकमेव माणूस आमच्यासमोर उभा होता आणि आम्ही त्याच्या हातातील दगडाबद्दलच बोलत राहिलो. लेखक एकटाच त्यांच्या घरी गेला आणि त्याने आधी माफी मागितली. तात्या म्हणाले, “सर, म्या दगूड इकाय न्हवता आणला. आभाळातनं जे गेलं ते म्या पैल्यापास्नं बघितलंय, पण ते कुणी इचारलंच न्हाई.”

मग ते शेतात घेऊन गेले. खाट अजून तिथेच होती. त्यावर लेखकाला आडवे व्हायला लावून त्यांनी विजेच्या खांबावरच्या तिसऱ्या चिमणीकडे, म्हणजे तारेच्या चिनी मातीच्या खुंटीकडे बोट दाखवले. उल्का तिच्या वरच्या अंगाला वीतभर अंतरावर उमटली होती. खांब हलणारा नव्हता आणि खाटेच्या पायांचे खड्डे मातीत स्पष्ट होते, त्यामुळे नऊ दिवस लोटूनही ही मोजणी गुळव्याच्या मोजणीपेक्षा काटेकोर ठरली: दिशा २९० अंश, उंची ५४.

कोकणातील दुसरी साक्ष

एकाच गावातून दिशा कळते, अंतर कळत नाही. दुसरे ठिकाण आम्ही मुद्दाम घाटाखाली शोधले, आणि गटातील एका सदस्याचे मालवणजवळ राहणारे मामा उपयोगी पडले. ते अंगणात फोनवर बोलत असताना अग्निगोल समुद्राच्या दिशेने, पश्चिम-नैर्ऋत्येला, बऱ्याच उंचीवर फुटताना दिसला. त्यांनी ते फोनवरच सांगितले, आणि साधारण दोन मिनिटांनी दूरच्या ढगांसारखा गडगडाट झाला तेव्हाही फोन चालूच होता. पलीकडच्या व्यक्तीला दोन्ही क्षण आठवत होते. त्या उंचीवरच्या थंड हवेत ध्वनीला एक किलोमीटरला तीन सेकंदांहून थोडे अधिक लागतात, त्यावरून फुटण्याची जागा तिरप्या रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर येते. मामांनी सांगितलेल्या ४८ अंशांच्या उंचीशी हे जुळले: ३० किलोमीटर उंची आणि किनाऱ्यापासून पंचवीस-सत्तावीस किलोमीटर आत अरबी समुद्र.

आमच्या गावातही काहींनी ‘धडाम’ असा आवाज ऐकल्याचे सांगितले होते, तोही उजेडाबरोबरच. गावातून हे अंतर १३५ किलोमीटरच्या पुढे असल्याने आवाज पोचायला सात मिनिटांहून अधिक लागली असती. चौकशी केली तेव्हा शेजारच्या वाडीत वरात चालू होती आणि फटाके वाजत होते असे कळले. ज्यांनी आवाज ऐकला ते खोटे बोलत नव्हते, त्यांच्या मनाने जवळजवळच्या दोन गोष्टी एकत्र बांधल्या होत्या.

निष्पत्ती

दोन्ही ठिकाणच्या दिशा नकाशावर ओढल्या तेव्हा मार्ग विशाळगडाच्या आकाशात, सुमारे ८५ किलोमीटर उंचीवर सुरू होऊन मालवणच्या समुद्रावर संपताना दिसला. उल्का साधारणपणे ८० ते १२० किलोमीटर उंचीवर पेटतात. याच पट्ट्यातील वाऱ्यांचा अभ्यास शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील रडारने केला गेला आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले तेव्हा त्यांना आपल्या शहराविषयी वाटलेला आनंद लपत नव्हता. मार्गाची लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आणि कालावधी साडेसहा सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला १८ ते २० किलोमीटर. कक्षेतून परतणारे मानवनिर्मित अवशेष सेकंदाला आठ किलोमीटरच्या जवळपास येतात आणि आकाश ओलांडायला अर्धा-एक मिनिट घेतात. आमच्या कोनांत पाच अंशांची चूक धरली तरी हा वेग तेवढा खाली येत नाही, म्हणून उल्का नैसर्गिक होती असे आम्ही नोंदवले. ही नोंद आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या अर्जात भरून पाठवली.

तुकडे उरले असतील तर ते समुद्रात गेले. गावाला हे सांगताना आम्ही वेगळी पद्धत वापरली. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नकाशा लावला, उसाचा शेंडा आणि दोरी घेऊन बारा अंशांचा कोन गुळव्याच्या हातूनच दाखवला, आणि शोध का करायचा नाही ते त्यानेच लोकांना सांगितले.

पुन्हा वेळ आली तर

पहिला बदल चित्रणाच्या बाबतीत आहे. परिसरात तीन उपयोगी कॅमेरे होते, आणि आम्ही दुसऱ्या व तिसऱ्याकडे नवव्या दिवशी पोचलो तेव्हा जुने चित्रण पुसले गेले होते. पुढच्या वेळी दगड, बातम्या, चर्चा यांच्या आधी कॅमेऱ्यांच्या मालकांना फोन जातील.

लखलखाट दिसताच खिडकीशी धावू नये, हेही पहिल्याच संदेशात सांगायला हवे होते. चेल्याबिन्स्कमध्ये सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली ती मुख्यतः प्रकाश पाहायला काचेजवळ गेलेली असताना दोन मिनिटांहून अधिक काळाने आलेल्या आघातलहरीमुळे. आपल्याकडील प्रसंगात अंतर मोठे होते, एवढ्यावर निभावले.

कोणी दगड आणला तर तो बाजूला, घरात, चार माणसांत पाहायचा, आणि संशय उरला तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेकडे पाठवायचा, कारण देशातील अशनींची जपणूक तिच्याकडे आहे. २८ जानेवारी १९७६ रोजी सौराष्ट्रात धजाळा येथे अशनींचा वर्षाव झाला तेव्हा सुमारे ४५ किलो तुकडे हाती आले. असे तुकडे शेतात प्रथम सापडतात ते शेतकऱ्यांनाच, आणि हसू होईल या भीतीने त्यांनी ते पाणंदीत परत टाकले तर ते कायमचे गेले. म्हणून दगड आणणाऱ्याला पहिला प्रश्न आकाशाविषयी विचारायचा, आणि तो एकट्याला विचारायचा, हे गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिले आहे.

डिसेंबरच्या १३ तारखेला मिथुन राशीतील उल्कावर्षावाच्या रात्री आम्ही पन्हाळ्याच्या बाजूला होतो. तात्यांनी त्या रात्री खाटेवरून, पाणी पाजता पाजता, अकरा उल्का नोंदवल्या. बी-बियाण्याच्या हिशेबाच्या वहीत त्यांनी वेळ, खांबापासून किती मुठी, आणि शेवटच्या रकान्यात ‘आवाज नाही’ असे प्रत्येक ओळीत लिहिले होते.